मीठ चाखायचा मान

कोरोनेल आर्से, ११ मे २००३, रविवार

एल्विओ, पोरा,

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. चार वर्षांचा उशीर म्हणजे उशीर म्हणायचा की आणखी काही, मला ठाऊक नाही. मधे दोनदा लिहायला बसलो होतो, पण एकदा शाई वाळली होती आणि एकदा मारिसा खोलीत आली. माझं अक्षर तुला माहीत आहे. तिसऱ्या इयत्तेपर्यंतची शाळा, आणि पुढे आयुष्यभर गुरांच्या कानांवरचे आकडे लिहिले. हा कागदही लसीच्या नोंदवहीतला आहे. मागची पानं कोरी राहिली होती, ती वाया का घालवायची.

तुझा पत्ता तुझ्या बहिणीकडून, देलियाकडून घेतला. ती देत नव्हती. दाराशी उभं ठेवून म्हणाली, "आता कशाला हवाय जावई? शिव्या संपल्या वाटतं तुमच्या?" मी म्हटलं, पोरीबद्दल कळवायचं आहे. तेव्हा तिने पावाच्या पिशवीवर लिहून दिला. तेलविहिरींच्या त्या तळावर तू अजून आहेस ना? तिकडे वारा माणसाला उभं राहू देत नाही म्हणतात. लोकरीचं काही अंगात घालतोस की नाही? तुझी छाती आधीपासूनच कच्ची.

तर तुझ्या आयलेनबद्दल. ती आठ वर्षांची झाली, पण अंगाने पाच-सहाची दिसते. तू गेलास तेव्हा ती त्या रक्ताच्या जुलाबांतून बरी होऊन घरी आली होती, आणि आम्हाला वाटलं की संपलं. पेराल्ताबाई, म्हणजे शहरातल्या मुलांच्या इस्पितळातल्या डॉक्टर, तेव्हाच म्हणाल्या होत्या की किडन्या भाजल्यासारख्या झाल्या आहेत, पुढे त्रास देतील. आम्ही ते ऐकलं आणि विसरलो. या फेब्रुवारीत तिचे पाय सुजले. आता दोन्ही किडन्या काम करत नाहीत. मंगळवार, गुरुवार, शनिवार पहाटेच्या बसने शहरात जायचं, चार तास यंत्राला लावायचं, संध्याकाळी परत यायचं. मारिसाची शाळेतली नोकरी आहे, म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी मी जातो.

किडनी बदलली तर पोरगी मोठी होईल. मारिसाची चालत नाही, रक्ताचा गट जुळत नाही. मी माझी देऊ केली. पेराल्ताबाई हसल्या नाहीत, पण शेजारचा तरुण डॉक्टर हसला. म्हणाला, "आजोबा, चौऱ्याहत्तर वर्षं वापरलेली वस्तू आठ वर्षांच्या पोरीला देता होय?" यादीत नाव घातलं आहे, पण यादी लांब आहे. राहिलास तू. तुझा गट तिचाच आहे.

देलियाने तुला मार्चमध्ये फोनवर सांगितलं, हे मला कळलं. तू काय म्हणालास तेही तिने सांगितलं. "माझ्या हातून त्या पोरीच्या पोटात एकदा जे गेलं तेवढं पुरे, आता माझं काही तिच्या अंगात जायला नको." असं म्हणून फोन ठेवलास. एल्विओ, असं बोलू नये. जे झालं ते झालं. त्या रविवारी फुटबॉलच्या मैदानावर तू तिला जाड्या ब्रूनोच्या गाडीवरचा हॅम्बर्गर घेऊन दिलास, सगळेच बाप देतात. त्यासाठी मी तुला केव्हाच माफ

हे वाक्य चुकलं. खोडत नाही, कागद फाटेल.

एवढंच की ये. नुसती रक्ताची तपासणी करून जा. मारिसाशी बोलावं लागणार नाही, ते मी बघतो. तिला हे पत्र लिहिल्याचं माहीत नाही.

तुझा,
एवारिस्तो गोन्यी

ता. क. लोकरीचे मोजे पाठवू का? पायाचं माप कळव.


कोरोनेल आर्से, २ जून २००३, सोमवार

एल्विओ,

तीन आठवडे झाले. टपाल दक्षिणेत जायला आठवडा लागतो, यायला आठवडा, म्हणजे एक आठवडा तू विचार करत असशील. की पत्र पोचलंच नाही? मी तिकीट नीट लावलं होतं, दोनदा थुंकी लावून दाबलं होतं. टपालातली मुलगी म्हणाली, "जातं हो, काळजी करू नका." पण त्या मुलीचं लक्ष सगळं खिडकीबाहेर.

आयलेन यंत्राला असते तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसतो. येर्बाच्या कडू चहाचा भोपळा आणि गरम पाण्याचा थर्मास सोबत नेतो. गुरुवारी पेराल्ताबाई शेजारी येऊन बसल्या. मी भोपळा पुढे केला, त्यांनी नळीला तोंड लावलं, दोन घोट घेतले. मला एकदम विचारावंसं वाटलं. म्हटलं, "बाई, आयलेनच्या पोटात गेलेला हा जंतू गाईच्या पोटात असतो, तर गाय का नाही मरत? तीस वर्षं मी या जिल्ह्यातली गुरं टोचली. एक लाख तरी सुया मारल्या असतील. पोरीसारखे रक्ताचे जुलाब मी एकाही गाईला झालेले पाहिले नाहीत."

बाई म्हणाल्या, "गाईला तो काहीच करत नाही. तिच्या आतड्यात भाडेकरूसारखा राहतो. पण सुयांचं म्हणाल तर तोही तुमच्याच धंद्यातला आहे."

मला वाटलं थट्टा करतात. पण त्या कागद घेऊन चित्र काढायला लागल्या. मला जे समजलं ते सांगतो. चुकलं तर माझं डोकं, बाईंचं नाही.

हा जंतू माणसाच्या आतड्यात आला की आतड्याच्या पेशीला टेकतो. त्याच्या अंगावर खरोखरीच्या सुया असतात, पोकळ, आपल्या लस टोचायच्या सुईसारख्या, फक्त डोळ्याला दिसणार नाहीत इतक्या बारीक. ती सुई तो पेशीत खुपसतो आणि आपल्याजवळचे पदार्थ आत ढकलतो. पहिल्यांदा काय ढकलतो ठाऊक आहे? खुर्ची. मी म्हटलं, "खुर्ची कशी हो?" बाई म्हणाल्या, "इतर जंतूंना पेशीवर बसायला जागा शोधावी लागते. हा स्वतःची खुर्ची बरोबर आणतो, सुईतून आत पाठवतो, आणि पेशी बिचारी ती आपलीच वस्तू समजून दर्शनी भिंतीवर मांडते. मग हा त्यावर घट्ट बसतो. आणखी काही टोचतो, आणि पेशी आपल्या आतले खांब मोडून त्याच्याखाली ओटा उभा करायला लागते. त्याला उंच, ऐसपैस बसता यावं म्हणून. स्वतःच्या घराचं सामान वापरून."

मी विचारलं, "आणि किडनी?"

"ते दुसरं विष. तसा बसला की तो ते सोडत राहतो. ते रक्तातून किडनीपर्यंत जातं. औषधाने त्याला मारायला गेलं तर मरता मरता आणखी सोडतो, म्हणून तेव्हा आम्ही औषध देत नव्हतो. तुम्ही माझ्यावर ओरडला होतात."

मी ओरडलो होतो, खरं आहे. तूही तिथेच होतास. मी म्हणालो होतो, पोर मरतेय आणि ही बाई नुसती पाणी मोजत बसली आहे.

मग मी विचारलं, "बाई, किती जंतू लागतात? म्हणजे एक मोठा घास लागतो, की एवढंसं पुरे?"

"शंभरभर पुरतात. सुईच्या टोकावर मावतील. चाकूच्या टोकावर तर आरामात."

चाकूचं त्यांनी आपलं असंच म्हटलं. पण भोपळा माझ्या हातातून पडला. येर्बा फरशीवर सांडली, बाकाखाली गेली. सफाईवाली ओरडली, "आजोबा, घरी गाईगुरांत राहता वाटतं!" मी हातांनी गोळा करत बसलो. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. डॉक्टर लोक असं बघतात तेव्हा मला आवडत नाही.

तुला हे सगळं का लिहितो? बाई असंही म्हणाल्या की कोणाच्या हातून गेलं हे चार वर्षांनी कोणी सांगू शकत नाही. म्हणजे तूही स्वतःला तेवढं लावून घेऊ नकोस. म्हणजे हॅम्बर्गरच असेल असं काही नाही. कुठूनही असू शकतं. न धुतलेल्या पालेभाजीतूनसुद्धा असतं म्हणतात.

पायाचं माप कळवलं नाहीस.

एवारिस्तो


कोरोनेल आर्से, ९ जुलै २००३

एल्विओ,

आज स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. चौकात झेंडा लावला, बँड वाजला, मारिसा आयलेनला खांद्यावर चादर टाकून बघायला घेऊन गेली. मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिलो आहे. तुझं उत्तर नाही. आता वाटतं की तू पहिलं पत्र वाचून फाडलंस. बरोबर केलंस. ते खोट्या माणसाचं पत्र होतं.

आजची तारीख तुला आठवते का? चार वर्षांपूर्वी याच दिवशी आपण तुमच्या अंगणात डुक्कर कापलं होतं. जुलैची कडाक्याची थंडी, सकाळी बादलीवर बर्फ. शेजारच्या वासराचा पुठ्ठाही घेतला होता, कारण आतड्यांत भरून टांगायचे ते चोरिसो नुसत्या डुकराचे असले तर मला कधी आवडले नाहीत. अर्धं डुक्कर, अर्धी गाय, लसूण, पांढरी वाइन, जायफळ. मोठ्या लाकडी परातीत मी कोपरापर्यंत हात घालून मळत होतो. मीठ चाखायचा मान आमच्या घरात पहिल्यापासून एकाचाच. माझ्या बापाचा होता, मग माझा. आणि मीठ चाखायचं ते कच्च्यावरच, कारण तळल्यावर जिभेला चरबी लागते आणि मिठाचा अंदाज जातो. मी असं पन्नास वर्षं केलं.

मारिसा दारातून म्हणाली, "बाबा, थोडं तळून चाखा हो. जंतू असतात म्हणे, शाळेत पत्रक आलंय."

मी म्हटलं, "त्या जंतूंना सांग, एवारिस्तो सुई घेऊन आलाय."

सगळे हसले. तू सगळ्यांत मोठ्याने हसलास. म्हणालास, "म्हाताऱ्याला चावायला गेला तर तो जंतूच दवाखान्यात जाईल!" मग तू आणि मारिसा आतडी धुवायला मागच्या नळावर गेलात. मी एकटा राहिलो. एकटा नाही.

आयलेन माझ्या पायाशी बसली होती, कुत्र्याला चरबी भरवत. म्हणाली, "आबा, मला."

मी चाकूच्या टोकावर घेतलं. माझा चाकू तुला माहीत आहे, शिंगाच्या मुठीचा. त्याला मी कधी साबण लावला नाही, पावाच्या तुकड्याला पुसायचा, बस. सकाळपासून त्याच चाकूने कातडं सोललं होतं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं मांस होतं, जास्त नाही. तिने जिभेवर घेतलं, डोळे मिटले, अगदी माझ्या बापासारखे. आणि म्हणाली, "मीठ कमी आहे, आबा."

आणि एल्विओ, कमी होतं. खरंच कमी होतं. मी चाखलं तर बरोबर एक मूठ कमी. चार वर्षांची पोर! मला इतका आनंद झाला की काय सांगू. घरातली जीभ पुढे गेली. मी तिला उचलून घेतलं आणि आणखी एकदा दिलं, मीठ घातल्यावर. म्हटलं, "आता?" ती म्हणाली, "आता आबासारखं."

तो शुक्रवार होता. रविवारी तू तिला मैदानावर नेलंस. मंगळवारी तिला जुलाब लागले, बुधवारी रक्त आलं. इस्पितळात पेराल्ताबाईंनी विचारलं, "कच्चं, अर्धंकच्चं मांस काही?" मारिसा लगेच म्हणाली, "हॅम्बर्गर. रविवारी. मधे लाल होता, याने मला हसत सांगितलं." तुझा चेहरा मला अजून दिसतो. बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "आणि घरी? आजोबा?" मी म्हटलं, "घरी काय असणार? सूप, भोपळा, भात."

एवढंच बोललो. मला त्याआधी दोन दिवस पोटात कळ येत होती. तेही सांगितलं नाही.

त्या दुपारी मी कुत्र्याला खायला घालतो म्हणून तुमच्या घरी आलो आणि शेडमध्ये टांगलेल्या चोरिसोच्या सगळ्या माळा अंजिराच्या झाडाखाली पुरल्या. वर चुना टाकला. शुक्रवारी आरोग्य खात्याची माणसं आली तेव्हा शेड रिकामं होतं. तू विचारलंस, "चोरिसो कुठे गेले?" मी म्हटलं, "कोल्ह्याने नेले." तू मान हलवलीस. तुझं लक्ष कुठे होतं तेव्हा.

आणखी एक आहे. जाड्या ब्रूनोच्या मांसाची तपासणी झाली होती. त्यात हा जंतू सापडला नाही. तो कागद इस्पितळातून आला तेव्हा मारिसा झोपली होती, मीच घेतला. मी तिला म्हणालो, "काही उपयोग नाही, ब्रूनोने आधीच मांस बदललं असणार." कागद चुलीत घातला. ब्रूनोची गाडी लोकांनी उलटवली. तो गाव सोडून गेला. मग तूही गेलास.

कोणी सांगू शकत नाही असं बाई म्हणतात. चार वर्षं मी त्याच वाक्याला धरून आहे, बाईंनी म्हणायच्या आधीपासून. पण मला माहीत आहे. तू काही केलं नाहीस. तुझ्या हातून तिच्या पोटात वाईट काही गेलं नाही. जे गेलं ते माझ्या चाकूवरून गेलं, आणि मग माझ्या तोंडून तुमच्या घरात गेलं.

तू गेल्यावर मारिसाने मला माझी भाड्याची खोली सोडून तुमच्याकडे राहायला बोलावलं. तुझी खुर्ची मला दिली, खिडकीजवळची, उन्हाची. तुझ्या कपाटाच्या फळ्या काढून माझ्या पलंगाला उंची केली, माझे गुडघे दुखतात म्हणून. लोकांना सांगते, "बाबा नसते तर मी मेले असते." मी त्या खुर्चीवर बसतो. बाईंनी ते चित्र काढलं त्या दिवसापासून मला त्या खुर्चीवर नीट बसता येत नाही, पण बसतो.

हे मी मारिसाला सांगू शकत नाही. ती मला घराबाहेर काढेल आणि पोरीला भेटू देणार नाही. आयलेनशिवाय मला काय आहे? म्हणून तुला सांगतो. तू हवं तर तिला सांग. पण आधी ये. पोरीचं अंग फुगतंय, हृदय मोठं झालंय म्हणतात. तुझी किडनी जुळेलच असंही नाही, बाईंनी तसं स्पष्ट सांगितलं आहे. पण तू नाही म्हणतोस ते माझ्या गुन्ह्यापायी, आणि ते मला झेपत नाही.

बँड थांबला. त्या दोघी येतील. पत्र आजच टाकतो, नाहीतर फाडेन.

एवारिस्तो


जनावरांच्या मंडळाची जुनी खोली, कोरोनेल आर्से
२४ ऑगस्ट २००३, रविवार

एल्विओ, पोरा,

हे चौथं पत्र, आणि तुला मिळालं तर पहिलंच. आधीची तिन्ही परत आली. दोऱ्याने एकत्र बांधून, वर शिक्का, "इथे राहत नाही." मी मूर्ख, पत्ता बरोबर आहे की नाही हे कधी विचारलंच नाही. तू मार्चमध्येच तो तळ सोडलास आणि आता खाली बंदरात मासे भरायच्या कारखान्यात आहेस, असं देलिया म्हणते. तिलाही ते एका ट्रकवाल्याकडून कळलं.

ती तिन्ही तशीच या पाकिटात घातली आहेत. क्रमाने वाच. पहिली दोन वाचून माझा राग येईल. तिसरं वाचून काय होईल मला ठाऊक नाही.

तिन्ही उघडलेली आहेत. ती मी उघडली नाहीत.

तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी मी आणि आयलेन यंत्राला होतो. मारिसाची शाळा वाऱ्यामुळे लवकर सुटली. टपालवाल्याने तिच्या हातात गठ्ठा दिला. आम्ही संध्याकाळी पोचलो तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती, पत्रं टेबलावर तारखेप्रमाणे लावलेली. आयलेनला म्हणाली, "जा बाळा, कपडे बदल." मग दार लावलं.

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "अंजिराखाली?"

मी म्हटलं, "हो."

"त्या झाडाची अंजिरं आपण चार वर्षं खातोय."

मग म्हणाली, "बाबा, इस्पितळाच्या जिन्यात तुम्ही माझा हात धरला होता. म्हणाला होतात, पोरी, हा माणूस समोर राहिला तर तू रोज मरशील, त्याला जाऊ दे. आठवतं?"

आठवतं. तुला मी ते वर लिहिलेलं नाही. तिसऱ्या पत्रातही नाही. सगळं सांगतो म्हणालो आणि तेवढं ठेवलं. आता तेही लिहिलं.

मी म्हटलं, "मारिसा, तू त्याला लिही. तुझं ऐकेल."

ती म्हणाली, "मी? मी त्याला त्याच्या आईसमोर खुनी म्हटलंय. त्याने पाठवलेलं बाहुलीचं खोकं मी न उघडता परत केलंय. आता सांगू, तू खुनी नव्हतास, बरं का, आणि तुझी किडनी दे? कोणत्या तोंडाने सांगू? तुम्ही केलंत, तुम्हीच लिहा. त्याने दिली नाही तर मी त्याला काही म्हणणार नाही. तुम्हाला म्हणेन." मग माझा कोट खुंटीवरून काढून माझ्या हातात दिला. बाहेर फार वारा होता, तिने कोटाच्या खिशात माझी टोपीही कोंबली. मी ते मनात धरून बसलो आहे. टोपी आठवणीने दिली. दुसरं काही दिलं नाही.

आता मी गुरांच्या कोंडवाड्याजवळच्या खोलीत राहतो, जिथे पूर्वी आम्ही लसीच्या पेट्या बर्फात ठेवायचो. शेगडी आहे. माझी काळजी नको.

पेराल्ताबाईंकडे मी परवा एकटा गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं त्या हाकलतील. त्या म्हणाल्या, "मला त्या दिवशी बाकावरच वाटलं होतं." म्हटलं, मग विचारलं का नाही? म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं असतंत, तरी तेव्हा उपचार तोच केला असता. पोरीच्या किडनीला त्याने फरक पडला नसता." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "फरक पडला असता तो बापाला." आणि आत गेल्या.

यंत्रासाठी आयलेनच्या छातीत बसवलेल्या नळीला जंतुसंसर्ग झाला होता, दोन आठवडे ताप. आता उतरला आहे, पण बाई म्हणतात पुन्हा होईल, आणि तिच्यात पुन्हापुन्हा सोसायची ताकद नाही. डिसेंबरात उन्हाळा लागायच्या आत काहीतरी व्हायला हवं. यादी हललेली नाही. मी त्यांना विचारलं, "म्हणजे किती दिवस?" त्या म्हणाल्या, "बापाला लवकर शोधा."

एल्विओ, तू माझ्यावर थुंक. खटला कर, मी कबुली देईन, अंजिराखाली खणून दाखवीन. ब्रूनो कुठे आहे माहीत असेल तर त्यालाही सांग. मारिसाशी बोलू नकोस, मला भेटू नकोस. तू सरळ शहरात इस्पितळात जा, पेराल्ताबाईंचं नाव सांग, हात पुढे कर, त्या रक्त घेतील. जुळलं नाही तर परत जा. जुळलं तर पुढचं तू ठरव. तू नाही म्हणालास तर मला समजेल. पण नाही म्हणायचंच असेल तर तुझ्या स्वतःच्या कारणाने म्हण. हॅम्बर्गरपायी म्हणू नकोस. तो हॅम्बर्गर चांगला होता.

हे मी तीन ठिकाणी पाठवतो आहे. जुनी पत्रं या एकातच आहेत, हे तुझ्या कारखान्यावर पाठवतो. एक नक्कल देलियाकडे, एक बंदरावरच्या चर्चच्या पाद्र्याकडे. अक्षर लागेल असं लिहिलं आहे. मधे दोनदा शाई वाळली, तीन दिवस लागले.

आणि एक. आयलेनला मीठ बंद आहे, फेब्रुवारीपासून. सगळं अळणी. मी घरात होतो तेव्हा ती मला म्हणायची, "आबा, तुम्ही खा आणि मला सांगा कसं लागतंय." मी तिच्या समोर बसून माझ्या ताटातलं खायचो आणि सांगायचो, आज मीठ बरोबर पडलंय, आज किंचित कमी. ती डोळे मिटून ऐकायची. आता मंगळवारी, गुरुवारी मारिसाने शाळेतून रजा घेतली आहे, ती स्वतः नेते. मी बसथांब्याच्या समोरच्या बाजूला उभा राहतो. आयलेन खिडकीतून जीभ बाहेर काढून बोटाने दाखवते. म्हणजे विचारते, आज कसं होतं? मी या खोलीत काय शिजवतो ते तिला काय माहीत. मी दुरून हात करतो, बरोबर होतं म्हणून. बस जाते.

मागच्या गुरुवारी तिने जीभ दाखवली नाही. काचेला डोकं टेकून बसली होती. झोपली असेल.

सोबत पाकीट ठेवलं आहे, माझा पत्ता घालून, तिकीट लावून. एक ओळ लिही. हो किंवा नाही, दोन्हीपैकी जे असेल ते, पण लवकर लिही. टपाल मंगळवारी आणि शुक्रवारी येतं, मी दारातच असतो.

एवारिस्तो